धाकटीचं लग्न आणि लांबलेलं उड्डाण

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न यानामुळे पुढे पुढे जात राहिलं. ती बंगळुरात अंतराळवीरांचं वेळापत्रक आखणाऱ्या गटात आहे. त्यांनी कधी झोपायचं, कधी उठायचं, कोणता प्रयोग केव्हा करायचा, हे तिचं काम. उड्डाण लांबलं की तिची सुट्टी रद्द, आणि सगळं नव्याने मांडायचं. वरच्या अंतराळ स्थानकात यानासाठी राखलेली जागा दुसऱ्याला जाते, विलगीकरणात बसलेल्या अंतराळवीरांचा मुक्काम वाढतो, आणि त्यांच्या येण्याची वाट बघणारे वरचे लोक वरच अडकतात.

म्हैसूरला विजयनगरात आई हे सगळं फोनवर ऐकून घेई आणि बोगादीच्या मंगल कार्यालयाकडे नवी तारीख मागे. आधी इंधनाची गळती निघाली, मग वादळ आलं. तेव्हा कार्यालयाच्या व्यवस्थापकाने कन्नडमध्ये हळूच विचारलं, की मुलगा नक्की तयार आहे ना. आईला ते फार लागलं. मुलगा तर तयारच होता. आमच्याच गल्लीतला दातांचा डॉक्टर. संध्याकाळी आमच्याकडे येऊन कॉफी पिई आणि यानाची बातमी आईला समजावून सांगे.

एका सकाळी बहिणीचा फोन आला. यानाची एक झडप बदलायची होती, नवं वेळापत्रक मांडून झालं होतं, आणि तोवर तिला सुट्टी मिळाली होती.

“आई, परवा लग्न करूया का?”

आईने भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. मग म्हणाली, “आयतु, ठीक आहे, परवा तर परवा. पण आता बदलायचं नाही.”

कार्यालय रिकामं नव्हतं, म्हणून गच्चीवर मांडव घातला. बेट्टदपुरहून मामा आले ते जीपच्या टपावर केळीचे खांब बांधूनच. भटजी मुहूर्तावरून कुरकुरले, तेव्हा आईने त्यांना सांगितलं, की इथे यानाचाच मुहूर्त ठरत नाही. होळग्या, म्हणजे इकडच्या पुरणपोळ्या, शेजारणींनी लाटल्या. नवी साडी घ्यायला वेळच नव्हता. बहीण माझ्या साडीत उभी राहिली, आणि तिला इतकं खुललेलं मी कधी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती मेंदीच्या हातांनी बंगळूरच्या बसमध्ये चढली.

यान उडालं ते आम्ही टीव्हीवर पाहिलं. आईने डोळे पुसले, जावयाने टाळ्या वाजवल्या. मग परतीचा दिवस ठरला, पण यान उतरायचं त्या समुद्रात लाटा उसळल्या आणि तोही पुढे गेला. पहिल्या दिवाळसणाला जावई एकटाच आला, पोटभर जेवला, आणि बहिणीच्या वाट्याच्या करंज्या डब्यात भरून घेऊन गेला.