मेल्यावरचा पेढा

मंडळी, आज डोकं फिरलं म्हणून लिहून राह्यली.

मी ज्या वृद्धाश्रमात काम करते, तिथं वरवट बकाल गावचे आबा शेवटच्या घटका मोजत होते. डॉक्टर म्हणाले होते, "आता औषधं बंद. त्यांना बरं वाटेल तेवढंच करा."

सकाळी आबा पुटपुटले, "गोड चहा दे वं पोरी."

मी कापूस चहात भिजवून त्यांच्या ओठांवर फिरवला. आबा हसले. तेवढ्यात त्यांचा मुलगा आला अन् खेकसला, "बाबाले शुगर हाये, समजत नाही काय?" कापूस हिसकावून फेकला.

दुपारी आबा गेले. तिरडीवर त्याच मुलानं तुळशीपानासोबत त्यांच्या तोंडात पेढा ठेवला. "बाबाले गोड लय आवडे," म्हणे.

तुम्हीच सांगा, गोड खाण्यासाठी माणसाले आधी मरा लागते काय?