बधिर कानातली कळ

भूत, भास, करणी यांवर माझा काडीचाही विश्वास नाही. लोणावळ्याच्या शाळेत मी मुलींना शरीरशास्त्र शिकवत असे, यातच काय ते आलं. तरी हे लिहिते आहे, कारण ते माझ्याच अंगावर घडलं.

मला जन्मतःच उजवा कान नव्हता — त्या जागी नुसती शेंगदाण्याएवढी गाठ. गरोदर बाईने ग्रहणात विळीवर चिरू-कापू नये म्हणतात; आईचं एकच पालुपद, "गिराणात इळीवर बसले म्या, म्हून झालं." एकदा रागाच्या भरात मीही बोलून गेले, "व्हय, तूच कापलास माझा कान!" ती चूल फुंकत राहिली. ते शब्द परत घ्यायचे राहूनच गेले... मला फार लागून राहिलं होतं ते.

पुढे दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधी, आई ज्या बंगल्यात कामाला जायची तिथल्या सर्जनसाहेबांनी मुंबईला नेऊन मला कान करून दिला. आत बसवलेली कूर्चा, म्हणजे कानातलं मऊ हाड, आईच्या उजव्या कानातून काढलेली. कान दिसायला बरा झाला, पण पार बधिर. टाचणी टोचली तरी कळायची नाही.

लढाई संपली त्या वर्षी लोहगडवाडीहून वडिलांचा निरोप आला — आईला ताप आहे, घाई नको, सुट्टीत ये. दोनच दिवसांनी भर दुपारी, फळ्यावर लिहिताना, त्या बधिर कानाच्या वरच्या कडेला अशी कळ आली की हातातला खडू पडला. बोट लावलं तर रक्त! का कोण जाणे, आईच आठवली. तशीच निघाले. गाडीने मळवलीला उतरून नळावर रक्त धुतलं, कान झाकेल असा डोक्यावर पदर घेतला आणि वाडीच्या चढाला लागले.

आई अजून होती. तिच्या उजव्या कानाला चिंधी बांधलेली. काकू ओशाळून म्हणाली, "बुगडी काढीत व्हते, बाय. जीव गेल्यावर निगत न्हाई... जरा वढली, तर फाटलं."

"कवा?"

"दुपारच्याला."

मी काकूवर ओरडणार, तोच आईने डोळे उघडले. माझ्या पदराकडे बघत पुटपुटली, "तुला बी लय दुकलं का गं?"

"न्हाई गं, आई," मी खोटंच बोलले. मग तिचा हात धरून म्हणाले, "माझा कान तू न्हाई कापलास." तिने माझं बोट दाबलं. दिवस मावळायच्या आत ती गेली.

सर्जनसाहेबांनी पत्रातून कळवलं — कूर्चेला संवेदना नसते, हा योगायोग. असेलही. पण पदराखालचं माझं दुखणं आईला कसं कळलं? ती कळ आली नसती तर मी सुट्टीपर्यंत थांबले असते, आणि आई तोच दोष डोक्यावर घेऊन गेली असती.