उजवीकडचा डाग

"चेहरा सोडून सांगा, भाऊ."

गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढायच्या आधीच आमचा पेंटर हे वाक्य टाकायचा. हातातला ब्रश रॉकेलच्या डब्यात बुडवायचा, फडक्याला पुसायचा आणि मान वर न करता पुन्हा म्हणायचा, "अक्षरं म्हनान तशी काढून देतो. चेहरा सोडून."

भद्रावतीच्या एसटी स्टँडसमोर त्याचं पत्र्याचं दुकान होतं आणि त्याला चिकटून माझं. मी जुनी मासिकं आणि परीक्षेची गाइडं विकायचो, आणि दोरीला टांगलेली कॉमिक्स भाड्यानं द्यायचो. ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. टीव्ही अजून फॅक्टरीच्या कॉलनीतल्या साहेबांकडेच होता, त्यामुळे माझं बरं चाललं होतं. आम्हा दोघांच्या मध्ये एकच पत्रा. तो तिकडे शिंकला की मी इकडे गोळ्यांची बरणी सावरायचो.

आता बोर्ड रंगवणारा माणूस चेहरा काढत नाही म्हणजे काय होतं, ते तुम्हीच बघा. न्हाव्यानं सलूनसाठी एक देखणा हिरो मागितला. यानं त्याची पाठ काढली. केस असे झकास की हा गडी वळतो केव्हा म्हणून लोक रस्त्यात उभे राहायचे. दातांच्या डॉक्टरला नुसती कवळी मिळाली, हवेत हसणारी. झाडीपट्टीतल्या एका नाटक मंडळानं नायिका मागितली, तर यानं कपाळापासून हनुवटीपर्यंत पदर ओढलेली बाई काढून दिली. ही आहे तरी कोण, हे बघायला गाव लोटलं आणि मंडळाची चांदी झाली.

खरी पंचाईत त्याच्या वस्तीतल्या विहारात झाली. तो स्वतः बौद्ध घरातला. मंडळींनी प्रेमानं सांगितलं, समोरच्या भिंतीवर तथागत काढ. यानं एक मोठं पिंपळपान काढलं आणि त्याखाली दोन पावलं. म्हातारी माणसं खवळली. शेवटी एक निवृत्त गुरुजी म्हणाले, अगदी जुन्या काळी असंच करत, मूर्तीच्या जागी पान नाहीतर पावलं. मग सगळे निवळले, आणि गावाजवळची विजासनची बौद्ध लेणी बघायला आलेल्या पाहुण्यांना ती भिंत कौतुकानं दाखवू लागले.

"मले काय मालूम होतं जुन्या काळचं?" पेंटर मला म्हणाला. "मी तं आपला भीत होतो."

मला वाटायचं, गड्याला चेहरा जमत नाही आणि तो मिजास मारतो. तसं मी त्याला तोंडावर बोलूनही दाखवायचो. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मी त्याला इतक्यांदा ऐकवली की पुढे पुढे मी तोंड उघडलं की तोच ती पुरी करायचा.

एकदा नागपूरहून रद्दीचा गठ्ठा आला. त्यात एक जुनं मराठी कॉमिक निघालं. छपाई गरीब, कागद पिवळा, पण मुखपृष्ठ बघून मी चाटच पडलो. काळा, आडदांड माणूस, हातात पहारीसारखी लोखंडी साबळ, वरून खाणीचं छत कोसळतंय, आणि डाव्या भुवईच्या वर बोटभर लांबीचा, टोकाला वळलेला निळा डाग चमकतोय. खाली नाव, नीलकपाळ. मी ते दोरीच्या अगदी पुढे टांगलं.

पेंटर चहा घेऊन आला, त्यानं ते पाहिलं आणि कप स्टुलावर ठेवला. कॉमिक काढून पालथं घातलं.

"हे नको टांगू, भाऊ."

"का बुवा?"

"माह्या हातचं हाय."

मी हसलो. तो हसला नाही, म्हणून मीही थांबलो.

तरुणपणी तो नागपूरला एका छोट्या छापखान्यात कामाला होता. तिथे नायक काढायचा मान मोठ्या चित्रकाराचा. हे जे एका अंकात येऊन मार खाऊन जाणारे दुय्यम दुष्ट असतात ना, ते नव्या पोरांच्या वाट्याला यायचे. संपादकानं सांगितलं, संध्याकाळपर्यंत एक खलनायक दे. त्याला शक्ती पाहिजे, शक्तीला कारण पाहिजे आणि अंगावर काहीतरी खूण पाहिजे.

"मले काईच सुचे ना, भाऊ. मंग घर आठवलं."

त्याचे वडील कोळशाच्या खाणीत होते. आमच्या भागाबाहेरच्यांना सांगायला हवं, की खाणीत कपाळ फुटलं आणि जखमेत कोळशाची भुकटी राहिली, की कातडी वरून भरून येते आणि आत कायमचा निळा डाग बसतो. म्हाताऱ्याच्या डाव्या भुवईवर तसा डाग होता. आणि काम काय, तर कामाची पाळी सुरू व्हायच्या आधी आत जायचं आणि साबळीनं छत ठोकून बघायचं. ते बद्द वाजलं तर कच्चं, खणखणीत वाजलं तर पक्कं. म्हातारा 'या' म्हणाला की बाकीची माणसं आत जायची.

पोरानं डाग घेतला, साबळ घेतली, चेहरासुद्धा जसाच्या तसा घेतला. फक्त काम उलटं केलं. नीलकपाळ छताला साबळ मारतो आणि छत माणसांवर पडतं, ही त्याची शक्ती. मागची गोष्ट अशी, की तो खाणीत गाडला गेला, कोळसा खाऊन जगला, आणि बाहेर आला तो उजेडातल्या साऱ्या माणसांचा वैरी होऊन. संपादकानं पाठ थोपटली. पुढे छापखानाच बुडाला, आणि हा कॉमिकची एक प्रत घेऊन घरी आला.

"बाबानं पाह्यलं?" मी विचारलं.

"पाह्यलं नं. तेच तं सांगून राह्यलो."

वडिलांना अक्षर येत नव्हतं. त्यांनी चित्रं पाहिली. प्रत्येक पानावर सगळ्यात मोठा कोण, तर नीलकपाळ. कोणी साबळ उचलली की डोंगर हलतो, तर नीलकपाळानं. आणि शेवटच्या पानावर एक गुळगुळीत पोरगा, ज्याला चड्डी पँटच्या आतून घालतात हेही कळत नाही, तो याला खड्ड्यात ढकलतो. म्हाताऱ्यानं आपला हिशेब लावला. खाणीतला माणूस तो हिरो, आणि तो चड्डीवाला गुंडा. मुलानं बापावर बुक काढलं! साऱ्या खाणीला दाखवत फिरला, हातोहात ती प्रत फाटून गेली, आणि घरी येऊन मुलाला विचारलं, "पुढच्या भागात निघते ना हा बाहेर?"

"मी म्हनलं, हो, निघते." पेंटर स्टुलावरच्या कपाकडे बघत राहिला. "त्या दिवसापासून चेहरा काढला का हात कापते. अक्षरं बरी, भाऊ. अक्षरातलं बाबाले काई दिसत नाई."

चहावर साय धरली होती. ती अंगण वाकडंची म्हण मी त्याला पुन्हा कधी ऐकवली नाही.

मी ते कॉमिक आत टाकणार होतो, पण त्याआधीच ते त्याच्या बापाच्या नजरेला पडलं. तोवर म्हातारा रिटायर झाला होता. बाजाराच्या दिवशी काठी टेकत आला, दोरीसमोर उभा राहिला, आणि पोराच्या बारशाला आल्यासारखा हसला.

"हाच तो! बापू, याचा पुढचा भाग आला का?"

"नाही आला, काकाजी."

"येईन. खड्ड्यातून निघाले टाइम लागते."

तेव्हापासून माझी मोठी फजिती सुरू झाली. सकाळी मुलगा यायचा आणि ते कॉमिक उतरवून ठेवायचा. बाजाराच्या दिवशी बाप यायचा आणि वर टांगायला लावायचा. पोरं म्हाताऱ्याला 'नीलकपाळ, नीलकपाळ' म्हणत, आणि तो खूश होऊन काठीनं त्यांच्या टाळूवर हलकेच ठोकून सांगे, "पक्कं हाय," किंवा "हे कच्चं हाय, याले अभ्यासाले बसवा." पत्र्यापलीकडे ब्रशचा आवाज थांबायचा. म्हातारा जाईपर्यंत पेंटर बाहेर यायचा नाही. माणूस लाजेनं एवढा बारीक होतो, हे मी तिथे पाहिलं.

एका बाजाराच्या दिवशी चंद्रपूरची गाडी चुकलेला एक कंडक्टर माझ्या बाकावर बसला. वेळ जाईना, म्हणून त्यानं नेमकं तेच कॉमिक ओढलं आणि स्टॉप पुकारायच्या आवाजात वाचायला लागला. म्हातारा शेजारीच होता. पहिल्यांदाच कोणी ते वाचून दाखवत होतं, म्हणून काठी मांडीवर आडवी घेऊन, कान पुढे करून बसला.

"'दुष्ट नीलकपाळा! तुझ्या पापाचा घडा भरला!'"

म्हातारा हसला. "कोन म्हनते हे? तो चड्डीवाला?"

"अजी, तो तं हिरो हाय," कंडक्टर म्हणाला आणि पुढे वाचू लागला. "'ज्या साथीदारांनी त्याला वाचवलं, त्यांच्याच डोक्यावर या नराधमानं छत पाडलं!'"

मी त्याला थांबवायला हवं होतं. पण काय सांगून थांबवू, ते सुचेना. म्हाताऱ्याचा हात काठीवर घट्ट झाला. ज्या माणसानं उभा जन्म छत तपासून लोकांना आत सोडलं, त्याला हे भर बाजारात ऐकावं लागलं.

"कंडक्टर साहेब," तो हळूच म्हणाला, "तुमाले बरोबर वाचता येत नाई."

कंडक्टर मोठ्यानं हसला. म्हातारा उठला आणि गेला. त्या दिवशी त्यानं पुढच्या भागाचं विचारलं नाही, आणि त्यानंतरही कधी नाही.

पेंटर तेव्हा वरोऱ्याला भिंत रंगवायला गेला होता. बऱ्याच दिवसांनी त्याच्या ध्यानात आलं.

"बाबा आजकाल पुढच्या भागाचं काऊन बोलत नाई, भाऊ?"

मी सांगितलं. सांगताना मीच खाली बघत होतो. त्याची बायको पुढे सांगत होती, की घरी जेवायला हा बापाकडे पाठ करून बसतो. बाप भाजी मागतो, तर हा मागे हात करून वाटी सरकवतो.

उन्हाळ्याच्या तोंडाला म्हातारा माझ्याकडे आला. धाप लागली होती. छाती खराब झालीच होती, खाणीतल्या माणसाची होते तशी. बाकावर बसून त्यानं ते कॉमिक मागितलं आणि हात लांब करून बघितलं.

"बापू, माहा डाग कुठी हाय?"

"डाव्या भुवईवर, काकाजी."

"अन् याचा?"

मी बघितलं. डाव्याच भुवईवर. तसाच बोटभर, टोकाला तसाच वळलेला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तोच म्हणाला, "उजवीकडं हाय याचा. म्हंजे हा मी नोहोय. दुसराच कोनी हाय. मी खालीपिली लोकायले सांगत फिरलो."

मी म्हाताऱ्याकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता, पण इतकाही नव्हता.

"त्या पोराले सांगजो," उठताना तो म्हणाला. "मी सांगतलं तं त्याले खरं नाई वाटनार. तू सांगजो, का बाबाच्या नजरेची गलती झाली."

तो वळल्यावर मी लगेच पत्र्यापलीकडे गेलो आणि शब्द न शब्द सांगितला. पेंटरनं माझ्या हातातलं कॉमिक घेतलं. डाग त्यानंच काढला होता, त्याला काय बघायचं? तरी त्यानं बघितलं.

"बाबा म्हनते तं उजवीकडंच असन," तो म्हणाला.

मग त्यानं दुकानाचं दार ओढून घेतलं. मध्ये एकच पत्रा, त्यामुळे त्याचं रडणं मला सगळं ऐकू आलं. त्या दुपारी मी गिऱ्हाईकांशी उगाच मोठ्यानं बोलत राहिलो.

पावसाळ्याआधीच म्हातारा गेला. घरात त्याचा फोटो म्हणाल तर खाणीच्या पासवरचा, त्यात चेहरा कमी आणि शिक्का जास्त. पुण्यानुमोदनाला, म्हणजे त्याला श्रद्धांजली वाहायच्या कार्यक्रमाला, तसबीर हवी होती. कोणीतरी चंद्रपूरच्या फोटोवाल्याचं नाव काढलं, पण पेंटर म्हणाला, मी काढतो. इतक्या वर्षांनी त्यानं चेहरा काढला.

कार्यक्रमाला मी गेलो होतो. तसबिरीवरचं पांढरं कापड सरकवलं, आणि म्हातारा समोर आला. गालाचे खड्डे, बारीक केलेला डोळा, टाळूवर ठोकून 'पक्कं हाय' म्हणतानाचं हसू. माझ्या शेजारचा खाणीतला माणूस रडायलाच लागला. आणि पुढे बसलेली पेंटरची आत्या एकदम कडाडली.

"अरे पोट्ट्या, दादाचा डाग डावीकडं होता! तू उजवीकडं काढला! सख्ख्या बापाचं कपाळ इसरला?"

सगळ्यांनी माना वर करून बघितलं. डाग उजव्या भुवईवर होता. कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणालं, नागपूरला राहून आला म्हणे. कोणी म्हणालं, याला चेहरा जमत नाही तेच खरं होतं. आपण आणि नीलकपाळ ही दोन वेगळी माणसं आहेत असं बापानं सांगितलं होतं, आणि बुकात छापलेला डाग काही हलणार नव्हता. हलवता येण्यासारखा हा तसबिरीतला एकच उरला होता. त्या गर्दीत हे मला एकट्याला माहीत होतं, पण सांगायचं तर ते कॉमिक मध्ये आणावं लागलं असतं. मी सतरंजीची दशी ओढत बसलो.

पेंटर हात जोडून उभा होता. "हो, आत्या," तो म्हणाला. "चुकलं माह्याच्यानं."

वर्षभरात तो दुकान मोडून अहेरीकडे गेला. तिथे फक्त अक्षरं काढतो असं ऐकतो. जाताना कॉमिक मागेल असं वाटलं होतं, पण त्यानं मागितलं नाही. ते मी परत कधी टांगलं नाही.

तसबीर पेंटरच्या वस्तीतल्या घरातच आहे. आता आत्या राहते तिथे. आल्यागेल्याला पाणी दिलं की ती भिंतीकडे बोट करून डागाची चूक दाखवते, आणि येणारा मान हलवून म्हणतो, काय पोरगा, बापाचा चेहरासुद्धा नीट ध्यानात ठेवला नाही.