पडद्याकडं पाठ करणारे दादा

गेवराईत आमच्या पार्लरशेजारी कॉम्प्युटर दुरुस्त करणारे एक दादा आहेत. दर वाक्याला "हाय का न्हाई?" विचारतात, उत्तराला मात्र थांबत नाहीत.

पार्लरचा जुना कॉम्प्युटर विकायचा होता. त्यातले नवरीमुलींचे फोटो मी डिलीट केले होते, तरी मी चिपळूणहून आलेली, आठवी पास; कुणी ते परत काढील का, अशी धाकधूक होती.

"ताई, डिलीट केलं तरी आत ऱ्हातं, हाय का न्हाई?" म्हणत त्यांनी फोटो परत आणून दाखवले आणि स्वतः पडद्याकडं पाठ केली. मग सगळ्या डिस्कवर शून्यं लिहून जुनं पार बुजवलं.

विकत घेणारा फुशारला, "पुसलेलं मी परत काढतो."

"काढ बे!" दादा म्हणाले.

त्यानं दुपारभर खटपट केली. एका नवरीच्या मेंदीचं बोटसुद्धा सापडलं नाही. मी भर दुकानात टाळ्या पिटल्या!