सूर्याचं कार्ड

आज कपाट आवरताना सूर्याचं चित्र असलेलं जुनं कार्ड हाती आलं आणि खोलीभर संत्र्याचा वास सुटला, शपथेवर सांगतो. माझ्या पीएचडीचा प्रयोग होता तो: समोरच्यानं चित्राचं नाव झटकन सांगायचं, मी सेकंद मोजायचे. बुटीबोरीजवळच्या गंगूमावशींनी बैल, विळा, चंद्र पापणी लवायच्या आत सांगितले. सूर्यापाशी मात्र एवढा वेळ गेला की माझ्या दाढीत दोन केस पिकले. मी वहीत लिहिलं, ‘शब्द आठवला नाही.’

दारात संत्री सोलत बसलेले त्यांचे यजमान, सूर्यभानजी, हसले. "घे ना वं माझं नाव. मास्तराची पीएचडी अडून राहिली."

"अडू द्या जी," मावशी पदराआडून म्हणाल्या.

मी ती ओळ खोडली. पुढं माझा अख्खा प्रबंध त्यांच्या त्या गप्प बसण्यावरच उभा राहिला.