लाटांचा दगड पाहिलेला माणूस

गफूर शेख दगड चाटत असत. आपण बाजारात आंबा हुंगून बघतो तितक्या सहजपणे ते दगड उचलत, सदऱ्याच्या बाहीने पुसत, जिभेचा शेंडा लावत आणि ओल्या झालेल्या जागेकडे एक डोळा बारीक करून पाहत. दगड ओला झाला की त्यातले कण उठून दिसतात आणि मातकट दगड जिभेला चिकटतो, एवढं साधं शास्त्र त्यामागे होतं. पण भिंगारच्या बाजारात त्यांचं नाव 'दगडचाट्या' पडलं ते पडलंच. मीही हसलो होतो. बी.ए. झालेला मनुष्य हसतो तसा, तोंडाने कमी आणि नाकाने जास्त.

युद्धाचे दिवस होते. मी नगरच्या एका हायस्कुलात भूगोल शिकवत होतो आणि भाडं कमी म्हणून भिंगारला राहत होतो. भूगोल शिकवायला मास्तरला गाव सोडावं लागत नाही, हा या विषयाचा मोठाच फायदा आहे. मी पुण्याच्या पलीकडे कधी गेलो नव्हतो आणि अँडीज पर्वत मात्र स्वतः बांधल्यासारखा शिकवत होतो.

एका शनिवारी मी वर्ग घेऊन भिंगारबाहेरच्या खडीच्या खाणीवर गेलो. छावणीच्या रस्त्यांसाठी तिथे दगड फुटत असे आणि फोडणाऱ्यांवर गफूरभाई मुकादम होते. मी समोरच्या डोंगराकडे छडी रोखून म्हटलं, "पृथ्वीच्या पोटातल्या प्रचंड शक्तीने हा डोंगर वर उचलला."

"कुनी उचलला म्हनला, मास्तर?" मागून आवाज आला.

"भूगर्भातल्या शक्तीने."

"ह्यो कुनीबी उचलल्याला न्हाई. ह्यो हाय तितंच हाय. आजूबाजूचं पान्यानं वाहून गेलं म्हनून ह्यो उंच दिसतो. गावातली शानी मानसं मेली की उरल्यालाच पाटील हुतो, तसं हाय ह्ये."

पोरं फिदीफिदी हसली. मी विचारलं, "तुमचं शिक्षण?" हा प्रश्न शिकलेला माणूस हरल्यावरच विचारतो. गफूरभाई म्हणाले, "शिक्षान न्हाई. बारा वर्सं हातोडा." आणि हातातला दगड चाटून बाजूला फेकला. घरी येऊन इंग्रजी पुस्तक उघडलं तर मुकादम बरोबर होता.

हे बारा वर्षांचं प्रकरण मला पुढे हळूहळू कळलं. गफूरभाई मूळचे पुणतांब्याचे, गोदावरीच्या काठचे. तरुणपणी ते दगड तपासणाऱ्या एका गोऱ्या साहेबाकडे हातोडेवाला म्हणून लागले आणि त्याच्या तंबूबरोबर राजपुतान्यात गेले. बारा हिवाळे त्यांनी अरवलीच्या डोंगरात काढले. साहेबाने बोट दाखवायचं आणि यांनी फोडायचं. परत आले तेव्हा जवळ साहेबाचा जुना कोट आणि एक पोतं दगड होते. त्यांची बायको हमीदाबी हा हिशेब अजून विसरली नव्हती. "लोकं परमुलखातनं सोनं आनत्यात," ती म्हणे, "ह्यांनी धोंडे आनले. आमच्या हितं धोंड्यांचा काय दुष्काळ हुता का?"

मी तेव्हा शाळांसाठी भूगोलाचं एक लहान पुस्तक लिहीत होतो. माणूस मास्तर झाला की त्याला लेखक व्हावंसं वाटतं, लेखक झाला की शाळांचा इन्स्पेक्टर व्हावंसं वाटतं. माझी पहिली पायरी चालू होती. अरवलीवर मी चार ओळी लिहिल्या होत्या: वाळवंटाच्या कडेची एक बुटकी, ओसाड, महत्त्वाची नसलेली रांग. एका रविवारी गफूरभाई ओसरीवर आले असताना मी त्या ओळी मोठ्या ऐटीत वाचून दाखवल्या. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या बापाला शिवी दिली होती.

"बुटका म्हनू नका. म्हातारा हाय त्यो. तुमचा सह्याद्री त्याच्या म्होरं कालचं पोर हाय."

मग पुढचे कितीतरी रविवार मी लिहीत गेलो आणि ते सांगत गेले. आपले डोंगर म्हणजे त्यांच्या लेखी डोंगरच नव्हते. "तापल्यालं दगडाचं दूध उतू गेलं, थंड झालं, वरनं आनिक उतू गेलं. भाकरीवर भाकरी पडावी तसं. फुडं पान्यानं कापलं. ह्यात डोंगराची करामत काय हाय?" अरवलीची गोष्ट निराळी. तिथे आधी पाणी होतं, तळाशी वाळू आणि गाळ थरावर थर साचला. मग दोन्हीकडून दाब आला. त्यांनी ओसरीवरची माझी सतरंजी दोन हातांनी दोन बाजूंनी रेटली आणि तिला वळ्या पडल्या. "ह्यो बगा अरवली. दाबला, भाजला, वर आला. वाळूचा कठीन दगड झाला. मंग ऊन, वारा, पान्यानं झिजत झिजत आज येवढा उरला. उरल्याला बी तुमच्या सगळ्या डोंगरांना पुरून उरंल."

पश्चिमेच्या अंगाला वाळवंट त्या रांगेला कसं भिडलं आहे, वाळू उतारावर कशी चढते आणि जिथे खिंड सापडेल तिथून पलीकडच्या शेतात कशी शिरते, हे त्यांनी पाहिलं होतं. सकाळी झटकलेला तंबू दुपारी पुन्हा वाळूने भरे. मी विचारलं, डोंगर आहे तर तिकडे पाऊस का पडत नाही? ते हसले. "डोंगर आडवा हुबा ऱ्हायला तर ढगाला आडवून लुटतो. अरवली वाऱ्याच्या संगं चालतो, ढग बाजूनं निगून जातो. तुमचा सह्याद्री आडवा हाय, सगळं पानी तिकडं घाटात उतरून घेतो आन् नगरला रिकामी पोती धाडतो." नगरच्या कोरड्या उन्हाळ्यात मी भूगोल शिकवत होतो आणि आपण कोरडे का, हे इतक्या सरळ शब्दांत मला कुठल्याही प्रोफेसराने सांगितलं नव्हतं.

हे सगळं मी माझ्या ओसरीवर बसवून ऐकलं, हेही सांगून टाकतो. तोंडाने मी त्यांना अहोजाहो करत होतो आणि त्यांची कपबशी बाहेरच्या कोनाड्यात वेगळी ठेवलेली होती. चहा झाला की ती ते स्वतः विसळून ठेवत. तेव्हा मला यात वावगं काही वाटत नव्हतं. आम्ही सुधारकच होतो म्हणे.

लाटांच्या दगडाची गोष्ट त्यांनी सर्वांत शेवटी सांगितली. अरवलीच्या एका माथ्यावर साहेब चालून पुढे गेला होता. गफूरभाई मागे थांबले. पायाखालच्या फरशीसारख्या खडकावर बारीक बारीक वळणदार रेघा होत्या, एकीशेजारी एक. "म्या वळखलं. पुनतांब्याला पूर वसरला की वाळूवर पानी अशाच रेघा सोडून जातंय. ल्हानपनी त्याच्यावर पाय देऊन आमी खेळलोय. म्या सायबाला हाक मारली. म्हनलं सायेब, हितं पानी हुतं. डोंगराच्या डोस्क्यावर पानी हुतं." साहेब परत फिरला, गुडघ्यावर बसला. मग तो तुकडा फोडून पेटीत गेला. पुढे साहेबाच्या मुनशीने छापील कागद वाचून दाखवला. त्यात लिहिलं होतं की साहेबाने पाहिलं.

"सायेब वाईट नव्हता," ते म्हणाले. "कोट दिला. पन मास्तर, तुमी पुस्तक लिवताय, तर येक करा. त्यो दगड पुनतांब्याच्या गफूर शेखनं पयला बगितला, येवढी येक वळ टाका. दुसरं काय नगं. हमीदा तीस वर्सं मला म्हनती, तुमी थापा मारताय."

मी शब्द दिला. नुसता दिला नाही, त्यांच्यासमोर ओळ लिहिली. अरवलीचं प्रकरण आठ पानांचं झालं आणि पुस्तकात वाचण्यासारखं तेवढंच होतं. बाकीचं मी लिहिलेलं होतं.

पुण्याच्या प्रकाशकांनी हस्तलिखित वाचून मला बोलावलं. हे गृहस्थ राष्ट्रीय वृत्तीचे, अंगात खादी, भिंतीवर चरख्याचं चित्र. अरवलीचं प्रकरण त्यांना फार आवडलं. फक्त त्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं. "हे कोण?" मी सांगितलं. "खडीचा मुकादम?" ते म्हणाले. "अहो, पुस्तक मंजूर व्हायचंय. शिक्षणखात्यातले लोक म्हणतील, यांच्या ज्ञानाचा उगम खाणीत आहे. त्या साहेबाचं नाव असेल तर घाला." साहेबाचं नाव मला माहीत नव्हतं. कागदाची टंचाई आहे, उशीर झाला तर छापता येणार नाही, असंही ते म्हणाले. त्यांनी ओळ खोडली नाही. माझ्यापुढे दौत सरकवली, एवढंच. ओळ मी खोडली आणि तिच्या जागी माझ्या सुबक अक्षरात लिहिलं, 'एका पाश्चात्य संशोधकास येथे लाटांच्या खुणा आढळल्या.' येताना मनाची समजूतही घातली की, विद्या महत्त्वाची, नाव काय करायचंय. नाव काय करायचंय, असं म्हणणाऱ्याचं नाव पुस्तकाच्या मुखपृष्ठावर ठळक टाइपात होतं.

पुस्तक आलं त्या रविवारी गफूरभाई धुतलेला सदरा आणि साहेबाचा तो कोट घालून आले. बरोबर हमीदाबी होती. माझ्या ओसरीवर ती कधीच आली नव्हती. खालच्या पायरीवर बसली. त्यांनी बत्ताशांची पुडी माझ्यापुढे ठेवली. "वाचा," म्हणाले. "हिला बी ऐकू द्या."

खरं सांगायला तेव्हाही वेळ होता. मी आठ पानं वाचली आणि ती ओळ आली. मी डोळे पानावरच ठेवून वाचलं, "हा दगड पुणतांब्याचे रहिवासी गफूर शेख यांनी प्रथम पाहिला."

गफूरभाईंनी उजव्या हाताची तर्जनी कोटाला पुसली. "कुटं हाय? माजं बोट ठेवा त्याच्यावर." मी त्यांचं बोट धरून त्या पाश्चात्य संशोधकावर ठेवलं. ते अक्षरांवरून हलकेच फिरलं. पायरीवरून हमीदाबी म्हणाली, "मंजी खरंच हुतं व्हय?" आणि पदराने तोंड पुसलं. "परत येकदा वाचा की मास्तर. माजं ध्यान न्हवतं."

मला इतकं सुटल्यासारखं वाटलं की मी उत्साहाने वाचलं, "लाटांच्या खुणा असलेला हा दगड पुणतांब्याच्या गफूर शेख यांनी शोधून काढला."

बोट थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पानाकडे पाहिलं. ज्या माणसाला लिहिता-वाचता येत नाही तो ऐकलेलं जसंच्या तसं लक्षात ठेवतो, हे मला मास्तर असून माहीत नव्हतं. त्यांनी बोट हळूच उचललं. "ऐकलंस न्हवं?" ते बायकोला म्हणाले. "तू हो म्होरं. म्या आलोच."

ती कोपऱ्यापर्यंत गेल्यावर ते उठले. पुस्तक मिटून काखेत घेतलं, कारण ते तिला घरी ठेवायला हवं होतं. आवाज चढवला नाही.

"मास्तर, सायबानं माजं नाव लिवलं न्हाई," ते म्हणाले. "पन लिवलंय आसं मला वाचून बी दाखवलं न्हाई."

त्या दिवशीची कपबशी त्यांनी विसळली नाही. पुन्हा ते ओसरीवर आले नाहीत. खाणीवर दिसले तर "सलाम मास्तर" म्हणत आणि कामाकडे वळत. माझं पुस्तक मंजूर झालं, चाललं. पुन्हा छापायची वेळ आली की प्रकाशकांचं कार्ड येई, काही दुरुस्ती आहे का? मी उलट टपाली लिही, नाही. माझी लाज दुसऱ्या कुणाला वाटण्याचा प्रश्नच नव्हता, कारण हे आम्हा दोघांशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. त्यांनी ते घरी सांगितलं नाही.

देश स्वतंत्र झाला त्याच्या पुढच्या वर्षी गफूरभाई गेले. चाळिसाव्याच्या दिवशी हमीदाबी पुणतांब्याहून आलेल्या आपल्या दोन भावांना घेऊन माझ्याकडे आली. दोघे शेतकरी, घरात उर्दू वाचणारे होते, मराठी वाचणारं कुणी नव्हतं. तिने हिरव्या फडक्यातून पुस्तक काढलं. पान तिला नेमकं सापडलं, तिथे बोटांचे डाग होते. "ह्यांला बी ऐकवा, मास्तर," ती म्हणाली. "त्यांचं नाव."

मी तिला वर ओसरीवर बसवलं, चष्मा पुसला आणि वाचलं. या वेळी दोनदा वाचूनही एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. तेवढं मी पाठ करून ठेवलं होतं.