आधी डोळे, मग टोपली

हिरूबाय मासळी घेऊन दारात आली की आधी घरातल्या पोरांचे डोळे बघायची, मग टोपली खाली ठेवायची. पोराला पडवीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात न्यायचं, हनुवटी वर करायची, आधी एक डोळा, मग दुसरा. नवी माणसं चिडायची. "बगू द्या, फुकट हाय," असं म्हणून ती कुणाच्या रागाला भीक न घालता बघायचीच.

ही सवय तिला कुणामुळे लागली ते मला ठाऊक आहे. माझ्यामुळे.

मी तेव्हा चिंचणीच्या शाळेत मास्तर होतो, नवाकोरा, घाटावरून आलेला. मासळीतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. हिरूबाय तिथलीच कोळीण, तिच्या नवऱ्याची, नाथाची, स्वतःची होडी. पहिल्याच दिवशी मी तिच्या टोपलीतला सगळ्यात मोठा पापलेट उचलला, तर तिनं तो माझ्या हातातून काढून घेतला. "मास्तर, डोला बगा. पांडरा पडलाय. कालचा हाय ह्यो, तुमाला नाय देनार." स्वतःचाच माल नको म्हणणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. "डोला खोटं बोलत नाय," हे तिचं पालुपद. मासळी घ्यायला मी तिच्याकडूनच शिकलो.

एका संध्याकाळी ती चार वर्षांच्या गोमीला कडेवर घेऊन माझ्या खोलीवर आली. "मास्तर, कंदिलासमोर हिचा डोला मांजरावानी चमकतो. सासू म्हनते भगताकडं ने. मी म्हनते मुंबईला नेऊ. तुमी सांगा."

मला का विचारलं? तर मी शिकलेला! आणि मी नुकताच तालुक्याच्या शिबिरात एका डॉक्टरांचं जीवनसत्त्वांवरचं भाषण ऐकून आलो होतो. डोळ्यात पांढरं दिसलं की माशाचं तेल द्या, एवढं डोक्यात पक्कं बसलेलं. त्यात भगताचं नाव ऐकून तर मला चेवच चढला. गोमीचा डोळा मी धड पाहिलासुद्धा नाही. "एवढ्याशासाठी मुंबई?" मी हसलो. "अगं, औषध तुझ्या घरात आहे. मुशीच्या काळजाचं तेल रोज एक चमचा दे." होडीच्या लाकडाला लावायला नाथा मुशीचं, म्हणजे लहान शार्क माशाचं, काळीज कढवून ते तेल घरीच काढायचा. भगताला परस्पर कटवला म्हणून मी त्या दिवशी स्वतःवर भलताच खूश होतो.

काय सांगू, तिनं ते चार महिने दिलं. एक दिवस चुकवला नाही. पोर ओकायची, दात घट्ट मिटायची, तरी ही नाक धरून पाजायची. वाटेत भेटली की लांबूनच सांगायची, "चालू हाय, मास्तर!" पाचव्या महिन्यात डोळा बाहेर येऊ लागला, तेव्हा कुठे माझं शहाणपण उतरलं.

मुंबईला मी बरोबर गेलो. कागद वाचायला कुणीतरी हवंच होतं. डॉक्टर म्हणाले, डोळ्यात कॅन्सर आहे, डोळा काढावा लागेल, आणि मागे पसरला असेल तर कठीण आहे. मग चष्म्यावरून आमच्याकडे बघत त्यांनी विचारलं, "इतके दिवस काय करत होता?"

मी भिंतीकडे बघितलं. हिरूबायनं पदर सावरला. "आमी अडानी मानसं, सायेब. कललं नाय."

होळीच्या आधी गोमी गेली. नाथानं तेलाचं मडकं किनाऱ्यावर नेऊन फोडलं. पुढे होडीला तेल लागलं तर शेजाऱ्याकडून आणायचा, पण त्या घरात मुशी पुन्हा कढली नाही.

हिरूबाय मात्र महिन्याभरात उठली. इस्पितळात गोरगरिबांच्या आजारी पोरांसाठी मदत गोळा करणारी मंडळी होती. त्यांच्याकडून तिनं तोंड झाळलेला, पैसे टाकायला फट ठेवलेला एक पत्र्याचा डबा मागून आणला आणि मासळी विकून रिकाम्या झालेल्या टोपलीत तो घेऊन हिंडू लागली. चिंचणी झाली, तारापूर झालं, बोईसर, बेटेगाव. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम निघालं, तर तिथल्या मजुरांपुढे आपल्या हिंदीत उभी! "आंख चमका तो तेल नय, सीदा मुंबय!" डब्यात काही न टाकणाऱ्यालाही एवढं ऐकवल्याशिवाय सोडायची नाही. आठवड्यातल्या एका दिवसाची मासळी नाथानं डब्याच्या नावानं वेगळी काढली. बेटेगावच्या एका पोराचा डोळा तिनं असाच वेळेत हेरला. एक डोळा गेला, पण पोर वाचलं. सगळा गाव तिचं कौतुक करायचा आणि मी तिची हाक ऐकू आली की गल्ली बदलायचो.

बदली मिळाली तेव्हा सुटलो असं वाटलं. पालघरला बिऱ्हाड केलं, लग्न झालं, मुलगी झाली. एका दुपारी मी आतल्या खोलीत वह्या तपासत होतो आणि बाहेर आवाज आला, "बगू द्या, फुकट हाय." माझ्या सुमीचे डोळे बघून झाले. मग हिरूबायनं माझ्या बायकोला सगळं सांगितलं. गोमी, तेल, चार महिने. बायको हळहळली. "पण तेल द्यायला सांगितलं कुणी हो तुम्हाला?"

माझ्या हातातली लाल पेन्सिल थांबली. दारात माझ्या चपला होत्या, अंगठ्याला तारेनं बांधलेल्या. चिंचणीतही मी चपला अशाच बांधायचो, तिनं ते हजारदा पाहिलं होतं.

"व्हता कोनी," हिरूबाय म्हणाली, जरा मोठ्यानंच. "चांगला मानूस. त्याला बी ठावं नवतं."

मी उठलो नाही. ती पाणी प्यायली, "येते, वैनी," म्हणाली आणि गेली. पुन्हा काही ती आली नाही. दोन वर्षांनी कळलं की हिरूबाय वारली आणि डबा आता नाथा फिरवतो.

बायको अजून कधीमधी आठवण काढते. "कोण असेल हो तो मेला, तेल सांगणारा?" मी म्हणतो, काय माहीत. आज हे लिहून झालं की कागद आधी तिच्याच हातात देणार आहे.